दातावरचा ठिपका

माझं नाव चांगुणा. जन्म आष्टीकडचा, माळावरच्या वस्तीतला. कोणत्या साली ते विचारू नका ताई, माय सांगायची की काळ्या मेंढीला जुळं झालं त्याच आठवड्यात तू झालीस, आता मेंढीची जुळी सगळ्या वस्तीच्या ध्यानात राहिली आणि माझी तारीख कुणाच्याच न्हाई, आधार कार्डावर जी हाय ती तिथल्या माणसानं माझ्या तोंडाकडं बघून टाकली आणि मला दहा वर्षं म्हातारी करून सोडलं. मी पण काही म्हणलं न्हाई. म्हाताऱ्या बाईला बसायला जागा लवकर मिळती.

आमचा बाप मेंढरं राखायचा. त्याला लिहिता-वाचता येत न्हवतं, पण संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरताना नुसती नजर टाकून सांगायचा की तांबड्या कानाची मागं राहिली. आणि एखादी मेंढी खंगायला लागली की तो औषधाला पळायचा न्हाई. चार मेंढरं या ओढ्यावर पाण्याला न्यायची, चार त्या ओढ्यावर, चारांना नुसता पाला, चारांना नुसतं गवत, आणि कुणाला काय दिलं ते कळावं म्हणून कानाला खाच पाडायची, एक खाच, दोन खाचा, तीन खाचा, चार खाचा. मंग आठ दिवस गुमान बसायचं. जी बिघडली तिच्या कानाची खाच बघायची, की कळलं, पाणी खराब हाय का चारा. आमची माय वैतागायची, म्हणायची एवढ्यात देवऋषी चार कोंबडे खाऊन गेला असता. बाप म्हणायचा, म्हणूनच.

हे खाचांचं ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

आता मिसरीचं सांगते. माझी आजी मिसरी लावायची, तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, चुरायची, पितळी डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातावर घासत बसायची, आणि मिसरी लावताना तिच्याशी कुणी बोलायचं न्हाई, बाप पण न्हाई. मला वाटलं, बघा किती मान हाय. मी तवा बारा-तेरा वर्षांची, म्हणजे अक्कल मेंढीच्या शेपटाएवढी. एक दिवस डबी चोरली आणि चांगली चिमूटभर घासली. काय सांगू तुम्हाला, माळ गरगर फिरायला लागला, मी मेंढरांत आडवी पडले, डोळे पांढरे, तोंडातून काळा फेस. बाया पळत आल्या आणि एक जण म्हणली, पोरीच्या अंगात आलं. मी ऐकलं ते. आता खरं सांगितलं तर आजीचा मार, आणि अंगात आलं म्हणलं तर नारळ. मी काय केलं असंल? घुमले. चांगली घुमले. हळदकुंकू लावलं, पाया पडल्या, चुलतीनं विचारलं पाऊस कधी येणार, मी म्हणलं परवा येणार. परवा सोडा, त्या महिन्यात आला न्हाई. पण तोपर्यंत मी खोबरं खाऊन बसलते. ती अवदसा मी व्हते ताई, आता भेटली तर कानफटात देईन.

मिसरी मात्र लागली ती लागलीच.

लग्न होऊन परळीला आले. मालक स्टेशनावर माल उतरवायला जायचे, सकाळी माणूस म्हणून जायचे आणि कोळसा म्हणून यायचे. मला वाटलं व्हतं शहरात चालले, पलंगावर बसून राहीन. सासूनं पहिल्या दिवशी माझं तोंड उघडून दात बघितले, बैल घेताना बघतात तसे, आणि काळे दात बघून खूष झाली, म्हणली बरं झालं, मला सोबत झाली. ती लई कडक बाई व्हती, तिनं मला आयुष्यात एकदा पण बस म्हणलं न्हाई, पण रविवारी दुपारी आमी दोघी तव्यावर मिसरी भाजायला बसायचो तवा ती तिच्या माहेरच्या गोष्टी सांगायची आणि हसायची पण. तिच्याकडून मला प्रेम मिळालं ते तेवढंच, तव्याभोवतीचं. म्हणून ही डबी सुटता सुटली न्हाई. तुमी म्हणाल, म्हातारी सबबी सांगती. सांगतेच हाय.

सासू गेली, मालक गेले. एकुलता अंकुश थर्मलला, कोळसा जाळून वीज करतात तिथं, कामाला लागला, त्याचं लग्न झालं आणि सविता घरात आली. सविता लातूरला दात बनवायचं शिकलेली. दात काढायचं न्हवं, बनवायचं. लग्नानंतर दोन वर्षांनी ती म्हणली, आत्या, पुढच्या खोलीत मी मशीन टाकते, आपण घरीच दात बनवू, दवाखान्यांना पुरवू. मला वाटलं मेलेल्या माणसांचे दात आणणार आणि घासूनपुसून जित्या माणसांना लावणार. मी आठ दिवस पुढच्या खोलीचा उंबरा ओलांडला न्हाई, मागच्या दारानं जायचे-यायचे, आणि शेजारणीला सांगितलं की आमच्या घरात हाडं येणार हायत. अशी मी हुशार.

हाडं न्हाई आली. आल्या पांढऱ्या चकत्या, भाकरीएवढ्या, खडूसारख्या. त्याला झिरकोनिया म्हणतात. डॉक्टर दाताचं माप पाठवतात, सविता ते कॉम्प्युटरवर बघती, आणि मशीन त्या चकतीतून दाताची टोपी कोरून काढती. टोपी म्हणजे कॅप हो, किडलेला, तुटलेला दात तासून बारका करतात आणि त्याच्यावर बसवतात ती. पण गंमत बघा, मशीनमधून निघते तवा ती खऱ्या दातापेक्षा मोठी असती आणि खडूसारखी कच्ची, नखानं ओरखडा निघंल इतकी. मंग तिच्यावरची भुकटी झाडायची, रंगाच्या पाण्यात बुडवायची, दिव्याखाली वाळवायची आणि भट्टीत घालायची. ती भट्टी आपल्या कुंभाराच्या भट्टीसारखी न्हाई, लोखंड वितळंल एवढी तापती. भाकरी भाजली की फुगती, हे भाजलं की आकसतं, आणि बाहेर निघतं तवा दगडानं ठोका, फुटणार न्हाई.

भुकटी झाडायचं काम माझ्याकडं आलं ते माझ्या नजरेमुळं. एकदा सविता भिंगातून बघत बसली व्हती आणि मी लांबून म्हणलं, त्या तिसऱ्याच्या खाचेत पांढरं राहिलंय. राहिलंच व्हतं. तवापासून मी ब्रशनं झाडायचे, आणि रंग वाळला की शेवटचं एक बोट फिरवायचे, बापानं मेंढीच्या पाठीवर फिरवावं तसं, कुठं खडबडीत लागलं तर बोटाला आधी कळतं. सविता म्हणायची, आत्याचं बोट फिरलं की मला फिकीर न्हाई.

तीन वर्षं कुणाला फिकीर न्हवती. आणि या दिवाळीला अंकुशनं माझी डबी बघितली. म्हणजे रोजच बघायचा, पण त्यांच्या थर्मलमधल्या एका माणसाच्या आईला गालात गाठ निघाली, तिची मिसरी व्हती, आणि हा घरी येऊन माझ्यासमोर बसला आणि रडायला लागला. एवढा बाप्या गडी. म्हणला, आई, सोड. मी म्हणलं सोडली. म्हणला, माझी शपथ घे. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणलं, तुझी शपथ, आजपासून मिसरी बंद.

चार दिवस बंद व्हती. पाचव्या दिवशी मी सासूकडून आलेली तीच डबी गुपचूप परत भरली.

आता लपवायचं म्हणजे किती उपद्व्याप. आधी डबी चुलीपाशी असायची, मिसरी लावली की चूळ भरायची, हात धुवायचे, सगळं उघड. आता डबी कमरेच्या पिशवीत, लावायचं ते संडासात न्हाईतर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागच्या अंगणात, आणि धुवायची सोय न्हाई, कारण हात का धुतले, चूळ का भरली, लगेच प्रश्न. म्हणून बोट पदराला पुसायचं आणि साळसूद तोंड करून पुढच्या खोलीत येऊन कामाला बसायचं. तेरा वर्षांच्या पोरीनं आजीची डबी चोरली आणि पासष्टीच्या म्हातारीनं स्वतःचीच चोरली, मधल्या सगळ्या वर्षांत काय शिकलीस गं बाई, काही न्हाई.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी दातांवर ठिपके यायला लागले.

बारीक, मोहरीच्या दाण्याहून बारीक, तपकिरी. आणि हात फिरवला तर सुई टोचल्यागत खड्डा. भट्टीत जाताना दात स्वच्छ, बाहेर निघाला की अंगावर ठिपके, कांजिण्या आल्यासारखे. मागच्या दाढेवर एखादा असला तर चालून जातं, घासून चकाकी दिली की झाकतं, पण पुढच्या दाताला कसं चालंल? आणि पहिला पुढचा दात कुणाचा असावा, तर एका शाळेच्या बाईंचा. हापशाचा दांडा सटकून त्यांच्या तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात अर्धा गेला. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आमच्याकडं पाठवलं, रंग जुळवायला. त्या बाई आल्या त्या तोंडाला पदर लावून, बसल्या त्या पदर लावून, मी चहा दिला तर पदराआडून प्यायल्या. म्हणल्या, तात्पुरता दात बसवलाय पण तो वर्गात बाराखडी म्हणताना उडाला, आणि पहिलीतली एक पोरगी उचलून घेऊन आली, बाई तुमचा दात. सांगताना हसल्या आणि लगेच पदर ओढला. मला लई वाईट वाटलं. हसू आलं की आधी पदर शोधावा लागतो म्हणजे काय.

त्यांचा दात केला, ठिपके आले. दुसरा केला, ठिपके. तिसरा सविताच्या नजरेला बरा वाटला म्हणून पाठवला, तर डॉक्टरीणबाईंनी परत पाठवला, हिरडीच्या कडेला एक ठिपका व्हता. आणि फोनवर म्हणल्या, सविता, तुझं काम चांगलं हाय म्हणून तीनदा थांबले. आता मला नुसता चांगला दात नको, हे कशामुळं होतंय ते सांग. कारण सापडलं न्हाई तर उद्या परत होईल, मी पेशंटला काय तोंड दाखवू? पंधरा दिवसांत सांग, न्हाईतर मला काम पुण्याला पाठवावं लागंल. आमचं निम्मं काम त्यांचंच. सविता फोन ठेवून मशीनकडं बघत बसली. लग्नात मिळालेलं सगळं सोनं मोडून तिनं ती खोली उभी केलती.

मंग शोध सुरू झाला आणि शोधात सगळ्यांत पुढं कोण, तर मी.

मी म्हणलं, राख. परळीत काही बिघडलं की आमी आधी राखेलाच धरतो, वाळत घातलेलं धोतर असो का लग्नाची बोलणी. मी खिडकीला ओलं पोतं लावलं, फटी बुजवल्या, अंकुश घरी आला की त्याला दारातच झटकायचे आणि त्याच्या थर्मलला शिव्या घालायचे. तो म्हणायचा, आई, राख काय आज पडायला लागली? ठिपके आले न्हाईत असा एकही दिवस गेला न्हाई. सवितानं रंगाची बाटली बदलली, पाणी बदललं, मशीनची कोरायची सुई बदलली, भट्टी रिकामीच एकदा पेटवून आतली घाण जाळली. ठिपके हायतच.

मंग माझी नजर गेली तिच्या हातांकडं. हिरव्या काचेच्या बांगड्या, डझनभर. मी म्हणलं, सविता, बांगड्या. काचेवर काच घासती, कण पडतात, भट्टीत वितळतात, ठिपका होतो. ऐकायला कसं हुशारीचं वाटतं बघा. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बांगड्या उतरवून ठेवल्या. सवाष्णीनं मोकळा हात ठेवू नये म्हणून मनगटाला दोरा बांधला. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, कावून गं, बांगड्या कुठं गेल्या? ती म्हणायची, कामात अडचण होती. मी तिथंच बसलेली असायचे, कमरेला डबी.

तरी ठिपके आले. तवा मला बाप आठवला. मी म्हणलं, सविता, आपण औषधाला पळतोय, आधी मेंढरं वेगळी करू. तिला आधी कळलं न्हाई, मंग मी खाचांचं सांगितलं आणि तिचे डोळे चमकले. उरलेल्या चकतीचे नखाएवढे तुकडे कापले. एका तुकड्याला एक खाच, तो रंगाविना. दोन खाचांचा नव्या पाण्यातला. तीन खाचांचा दिव्याविना वाळवलेला. चार खाचांचा ब्रश न लावलेला. शनिवारी चारी तुकडे एकाच भट्टीत घातले, आणि घालायच्या आधी मी प्रत्येकावर शेवटचं बोट फिरवलं, खडबडीत हाय का बघायला.

रविवारी सकाळी भट्टी उघडली. चारी ठिपकेवाले.

सवितानं ते तुकडे खाचांच्या क्रमानं हातावर लावले. मंग म्हणली, आत्या, उद्या सोमवार हाय. लई दिवस झाले, तुमी वैजनाथाला गेला न्हाई. जाऊन या, दिवसभर निवांत बसा तिथं, मी डबा देते. मला वाटलं, पोरगी बेजार झालीय, देवाला साकडं घालायला पाठवती. मी गेले. पायऱ्यांवर बसले, ओळखीच्या बाया भेटल्या, भाकरी-पिठलं खाल्लं, देवाला म्हणलं, बाबा, तूच काय ते कारण सांग. देवाला काय वाटलं असंल ते त्यालाच माहीत.

मंगळवारी सकाळी सवितानं भट्टी उघडली आणि तीन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. पाच खाचा, सहा खाचा, सात खाचा. तिन्ही साफ. दुधाच्या सायीसारखे. मी म्हणलं, काय केलंस गं? ती म्हणली, काही न्हाई, खिडकी उघडी व्हती, जुनंच रंगाचं पाणी, तोच ब्रश, आणि दुपारी मी शेजारणीच्या बांगड्या मागून हातात घातल्या व्हत्या. सगळं पहिल्यासारखं. आता शनिवारच्या तुकड्यांत आणि यांच्यात फरक काय ते तुमीच बघा, तुमची नजर चांगली हाय. आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

मी तिथंच बसले. एका हातात साफ तुकडे, एका हातात ठिपक्यांचे. शनिवारी मी व्हते, सोमवारी मी न्हवते. माझं बोट मी उलटंसुलटं करून बघितलं. नखाच्या कडेला, चामडीच्या रेघांत काळं. आणि कच्चा दात कसा असतो, खडू, जे लागंल ते पिऊन घेतो. मिसरी म्हणजे तरी काय, राखच. भट्टीत तंबाखू जळून जायचा आणि राख दाताच्या अंगात वितळून बसायची. मी इतके दिवस थर्मलची राख शोधत व्हते आणि राख माझ्या कमरेला.

आणि ताई, आता तुम्हाला खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय आलं. आलं की, म्हण, वैजनाथानं केलं. मी देवळात बसले म्हणून तुकडे साफ निघाले. अगदी जिभेवर आलतं. तीच ती तेरा वर्षांची, मेंढरांत पडून घुमणारी, आतून उठून बसली आणि म्हणली, म्हण की, नारळ मिळंल. दुसरं पण सोपं व्हतं. काही बोलायचंच न्हाई, उद्यापासून बोट लावायचं न्हाई, ठिपके बंद, कुणाला पत्ता लागणार न्हाई. पण डॉक्टरीणबाईंना कारण पाहिजे व्हतं. कारण नसंल तर काम पुण्याला. आणि समोर मांडणीवर त्या शाळेच्या बाईंचा चौथा दात कोरून ठेवलेला, कच्चा, पांढराफेक, माझ्या बोटाची वाट बघत बसलेला. आणि आत सविता भाकरी थापत व्हती, बांगड्यांचा आवाज न येता. भाकरी थापताना बांगड्या वाजल्या न्हाईत तर घर कसं मुकं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तिला हाक मारली. ती आली, हाताला पीठ. मी कमरेची पिशवी सोडली, डबी काढली, तिच्या डोळ्यांदेखत चिमूट घेतली आणि दातावर घासली. मंग बोट पदराला पुसलं, रोज पुसायचे तसंच, आणि एक कोरा तुकडा घेऊन त्याच्यावर फिरवलं, आणि सुरीनं त्याला आठ खाचा पाडल्या. म्हणलं, हा घाल भट्टीत. शेजारी बाईंचा दात घाल, त्याला मी हात लावणार न्हाई. काही विचारू नको.

तिनं हाताचं पीठ धुतलं. दोन्ही घातले.

बुधवारी सकाळी आमी दोघी भट्टीसमोर. बाईंचा दात निघाला तो असा, की मला वाटलं आता हसतो का काय. एक डाग न्हाई. आणि आठ खाचांचा तुकडा, त्याच्यावर तपकिरी ठिपके, माझ्या बोटाच्या रेघांच्या वळणानं, अंगठा उठवल्यासारखे. कोर्टात पण एवढा पुरावा लागत न्हाई. मी म्हणलं, सविता, मी शपथ मोडली. ती खाली बघून म्हणली, मला माहीत हाय आत्या. ब्रशच्या दांड्याला वास येतो.

मी म्हणलं, कधीपासून माहीत हाय? ती म्हणली, दहा दिवस झाले. म्हणलं, मंग बोलली कावून न्हाईस, बांगड्या कावून उतरवल्यास? तर म्हणली, तुमी लेकाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलती. तुमी खोटं बोललात असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? वाटलं, तुमची नजर हाय, तुमीच शोधाल. म्हणून तर देवळात पाठवलं.

म्हणजे बघा. मी तिला मेंढरं वेगळी करायला शिकवलं आणि तिनं पहिली वेगळी केली ती मलाच. डबा देऊन, गोड बोलून, कानाला खाच पाडून. माझ्या सासूला सांगायला पाहिजे व्हतं, तिला लई आवडलं असतं. मला हसू फुटलं, इतकं की पोटात दुखायला लागलं, मंग ती पण हसली, आणि ठिपके आल्यापासून आमी दोघी त्या खोलीत पहिल्यांदा हसलो.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हणली, मॅडम, कारण सापडलं, हाताळणीत चूक व्हती, आता हात धुऊन, हातमोजे घालूनच काम होईल. मी बाजूला बसून ऐकत व्हते, हाताळणी, हाताळणी. मी फोन घेतला हातातून आणि म्हणलं, बाई, हाताळणी म्हणजे मी, सविताची सासू, मी मिसरी लावते आणि तेच बोट दाताला. मंग त्या हसल्या आणि म्हणल्या, आजी, आता हे कारण मला पटलं. दात पाठवा. आणि तुमचे स्वतःचे दात दाखवायला या.

अंकुशला मीच सांगितलं. तो जेवत व्हता, त्याचा घास थांबला, मला वाटलं परत रडतो का काय. पण तो म्हणला, म्हणजे थर्मल निर्दोष सुटलं. मी म्हणलं, सुटलं. म्हणला, मंग आधी दारात झटकणं बंद कर. एवढंच. रात्रीच्या भाजीत मीठ जास्त व्हतं तरी काही बोलला न्हाई, तवा मला कळलं की आतून लागलंय त्याला. डबी मी त्याच्याच हातात दिली, त्यानं सविताला दिली, ती आता तिच्या मशीनच्या ड्रॉवरात हाय, कुलपात. फेकू नको म्हणलं मी, सासूची डबी हाय ती. महिन्यातून एकदा मला नुसता वास घेऊ देती, आणि लगेच साबण पुढं करती.

कासाराकडं सविताला मीच घेऊन गेले. म्हणलं, भर दोन्ही हात, कोपरापर्यंत. ती म्हणली, आत्या, कामात अडचण होती. मी म्हणलं, होऊ दे.

शाळेच्या बाई दात बसवून झाल्यावर मुद्दाम परळीला आल्या, पेढे घेऊन. दारात उभ्या राहिल्या आणि हसल्या, पदर खांद्यावरच. कोणता दात आमचा ते मला माझ्या नजरेला पण चटकन सापडला न्हाई.

आता माझं ऐका. मी डॉक्टरीणबाईंकडं गेले, त्यांनी गाल, जीभ सगळं बघितलं, गाठबीठ काही न्हाई म्हणल्या, अंकुश बाहेर बाकावर बसला व्हता तो तिथंच डोळे पुसायला लागला. फक्त एक सुळा तुटलेला, त्याचं मूळ चांगलं हाय, टोपी बसंल. मंग सविता रंगांची पट्टी घेऊन माझ्यासमोर बसली, वेगवेगळ्या रंगांचे दात लावलेली असती ती, कासाराच्या नमुन्यागत. एकही जुळंना. पट्टीतला सगळ्यांत मळका दात माझ्या दातांशेजारी नवरीसारखा दिसायला लागला. ती म्हणली, आत्या, पांढराच करू, बाकीचे घासून घ्या. मी म्हणलं, न्हाई बाई, पन्नास वर्षं काळ्यांत राहिलेल्या तोंडात एकटा पांढरा बिचारा घाबरून जाईल. माझ्या बाकीच्या दातांचाच रंग लाव, आणि हिरडीच्या कडेला एक ठिपका काढ, बारीक, ब्रशनं. ती म्हणली, मॅडम परत पाठवतील. मी म्हणलं, त्यांना सांग, या ठिपक्याचं कारण माहीत हाय.

काढला तिनं. हा बघा, इकडं, डाव्या बाजूला. दिसला? परळीतून शेकड्यानं दात जातात, त्यात मुद्दाम डाग काढलेला हा एकच.

घ्या, चहा घ्या ताई. तुमचे दात चांगले हायत, तसेच राहोत, हसताना कधी पदर शोधायची पाळी न येवो. आणि चहा निवांत प्या, हात धुऊन केलाय. खोटं वाटत असंल तर बोटाचा वास घेऊन बघा.